दुकान मिळाले, गिऱ्हाइकाचे काय?

स्वखर्चाने छापलेले गठ्ठे खाटेखाली सांभाळणाऱ्या लेखकाला आंतरजालावरील दुकान वरदान वाटावे, यात नवल नाही. परंतु दुकानात जागा मिळणे म्हणजे गिऱ्हाईक मिळणे नव्हे. अमेरिकेतील अँडी वीअर यांनी ‘द मार्शियन’ ही कादंबरी प्रथम आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट वाचायला दिली. शास्त्रीय चुका वाचकांनीच दाखविल्या, त्यांनी त्या सुधारल्या. वाचकांच्याच आग्रहाने २०११ मध्ये ती किंडलवर आली, तीही ९९ सेंट या किमान किमतीत. गिऱ्हाईक आधीच जमले होते; खपाच्या यादीत ती झपाट्याने वर चढली आणि प्रस्थापित प्रकाशक मागाहून दारी आले. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ पासून मिळू लागली. मग लिहिता लिहिता चार प्रकरणे वाचकांपुढे ठेवण्यास मराठी लेखकाने हात का आखडावा?