बरणीच्या तोंडचं लाकूड

दिवाळीच्या आगेमागे पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर पहाटे पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. लांब देठांची ती फुलं वेचायची आणि दोऱ्याशिवाय, देठात देठ गुंफून वेणी करायची, हे इथल्या कित्येक पिढ्यांचं बालपण. झाडाचं नाव बूच. पण या नावाचं मूळ फुलांत नाही, सालीत आहे. खोडाच्या भेगाळलेल्या सालीवर अंगठा दाबून बघा, ती दबते. मूळच्या ब्रह्मदेशाकडच्या या झाडाची साल एकेकाळी खऱ्या बुचाऐवजी वापरली गेली आणि झाडाला तेच नाव चिकटलं. शब्दही बाहेरूनच आलेला. पोर्तुगीज ‘बुचा’ म्हणजे भोकात ठासायची गुडदी.

खरं बूच येतं भूमध्य समुद्राकाठच्या एका ओकच्या सालीतून. जगातलं जवळजवळ निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमध्ये निघतं. झाड 25 वर्षांचं झाल्यावर पहिली साल काढतात, पुढे दर 9 वर्षांनी. रॉबर्ट हुकने 1665मध्ये याच सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात दिसलेल्या रिकाम्या कोठड्यांना ‘सेल’ हे नाव दिलं. त्या कोठड्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून बूच दाबलं की दबतं आणि सोडलं की फुगून काचेला चिकटतं. 1980च्या दशकात उद्योजक श्याम चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फेसाळ वाइन बनवायला घेतली. तसल्या बाटलीतला जबर दाब रोखून धरतं ते हेच बूच आणि त्याच्यावरची तारेची जाळी.

पण बाटलीचं बूच आसवाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या आंबवलेल्या औषधाच्या, बरणीला पुरत नाही. तोंड रुंद, तेही नेमकं गोल नसतं. तिथे लाकूडच लागतं, आणि कुठलं लाकूड, हा प्रश्न उभा राहतो.

आसव-अरिष्टांची रीत शार्ङ्गधर संहितेत बांधून दिलेली आहे. काढा किंवा पाणी, गूळ, मध, वर औषधांची पूड आणि आंबवण्यासाठी धायटीची फुलं. भांड्याला आतून तूप चोळायचं, तोंडाला झाकण आणि त्यावर मातीत भिजवलेल्या कापडाचा लेप द्यायचा. आत मद्य आपोआप तयार होतं, साधारण 5 ते 10 टक्के. ते भट्टीवर गाळून काढलेलं नसतं. घरी दारू गाळणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, त्या वाटेला इथे कुणी जाऊ नये. मात्र संधान, म्हणजे आंबणं, चालू असताना वायू सुटतो, तेव्हा झाकण आवळायचं नाही. बरणीच्या तोंडाशी पेटती काडी धरावी. ती विझली तर काम चालू आहे, जळत राहिली तर संपलं. मग गाळून, दुसऱ्या बरणीत भरून मुरायला ठेवायचं. बुचाची खरी गरज इथे सुरू होते.

पहिला मोह सागवानाचा. वाड्यांच्या मोडीतलं लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात बघत हिंडताना हात आपसूक सागाकडेच जातो. माझाही गेला होता. पण सागाच्या अंगात तेल आणि रंग असतो आणि मद्य तो ओढून घेतं. माझ्या पहिल्या बरणीतलं द्राक्षासव दोन महिन्यांत जुन्या कपाटासारखं वासाला लागलं. कडुनिंब कडवटपणा सोडतो. चिडाच्या लाकडात राळ असते. ग्रीक लोक राळेची वाइन आवडीने पितात, पण आपल्याला औषधात तो वास नको. पॅकिंगच्या खोक्याच्या फळीवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर तिला हातही लावू नये. ती मिथिल ब्रोमाइडच्या धुरीतून निघालेली असते. रंग किंवा पॉलिश लागलेलं लाकूडही तसंच बाद.

दुसरा मोह कठीणपणाचा. व्हिस्कीची पिंपं ओकची, पण त्यांची बुचं बहुधा पॉप्लरसारख्या मऊ लाकडाची असतात. बुचाने नमतं घ्यायचं, पिंपाने नाही. बरणीच्या तोंडाशीही हाच न्याय. लाकूड कठीण असेल तर आधी चिनीमाती तडकते.

तिसरी परीक्षा फुंकरीची. लाकडाच्या दोन इंची तुकड्याच्या एका टोकाला साबणाचं पाणी लावायचं आणि दुसऱ्या टोकाकडून फुंकायचं. बुडबुडे आले तर त्याच्या नळ्या उघड्या आहेत आणि त्यांतून मद्य वर चढणार. म्हणून बूच कापताना नार, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, आडवी ठेवावी. नळ्यांची उघडी टोकं आसवाकडे नकोत, बाजूला असावीत. लाकूड लांबीत जवळपास फुगतच नाही, रुंदीत फुगतं. त्यामुळे नार आडवी असली की पावसाळ्यात गोल बूच किंचित लंबगोल होतं. यावर उपाय म्हणजे बूच खाली थोडं निमुळतं ठेवायचं आणि त्याला मेण चोळून मलमलीची एक घडी गुंडाळायची. ऋतूही बघावा. आषाढात बेताचं बसलेलं बूच वैशाखात सैल पडतं, वैशाखात ठासलेलं आषाढात निघत नाही. पुरतं वाळलेलं लाकूड घेऊन दिवाळीनंतर बूच घडवावं.

या सगळ्या परीक्षांनंतर माझ्या हाताशी राहिली शिवण. हलकी, फिकी, फारशी न वाकणारी. वाद्यांसाठी ती याच गुणांमुळे घेतात. हीच आयुर्वेदातली गंभारी. दशमूळांतलं एक मूळ तिचं आहे. बुचाच्या झाडाचा जवळचा नातलग टेटूही त्याच दहांत आहे. म्हणून शिवणीचं बूच औषधी होतं असं नाही. पण बरणीच्या तोंडावरचं लाकूड महिनोन्महिने आतल्या वाफेत भिजत असतं. जेवढ्या काटेकोरपणे आपण गूळ आणि धायटी निवडतो, तेवढ्याच काटेकोरपणे तेही निवडायला हवं. बूचही पाककृतीतलाच एक जिन्नस आहे.

सहा महिन्यांनी बरणी उघडली की मी आधी बूच उलटं करून बघतो. बुडाशी तपकिरी रेघ नखाएवढी उतरली असेल तर लाकूड बरं निवडलं. ती अर्ध्यावर चढली असेल तर ते बूच चुलीत, आणि पुन्हा टिंबर मार्केट.