चाक थांबलेलं, गाडी चाललेली
(पाबळ, ता. शिरूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय कळल्यावर एकाने आम्हाला विचारलं, "सर, टँकरची वाट बघणाऱ्या गावात बोटीवरच्या ट्रकवाल्यांचं काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. पण या गावच्या चौकात घटकाभर उभे राहा. चाकणकडे, शिक्रापूरकडे जाणारे ट्रक दिसतात. कांदा असो की कारखान्याचा माल, तो पोहोचवणारा माणूस स्टिअरिंगमागे बसलेला असतो. तो स्टिअरिंग सोडून नुसता बसतो, तेव्हा काय करत असतो? आज आपल्याला एवढंच समजून घ्यायचं आहे.

युरोपात ट्रक मोठ्या बोटीत चढतात आणि चालकही बरोबर जातो. डोव्हरहून कॅलेला जायला दीड तास पुरतो. पण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, आयर्लंडचे बरेच ट्रक ब्रिटनमधून न जाता थेट फ्रान्सच्या बोटीत चढू लागले. रॉसलेअर ते डंकर्क हा प्रवास जवळजवळ चोवीस तासांचा आहे.

आपल्याकडे याचा सख्खा भाऊ आहे, फक्त तो पाण्यावर नाही, रुळांवर आहे. कोकण रेल्वेने १९९९ च्या जानेवारीत 'रो-रो' सेवा सुरू केली. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला भरलेला ट्रक उघड्या सपाट वॅगनवर चढवायचा, चाकं जखडायची आणि गोव्यातल्या वेर्ण्याला उतरवायचा. पुढे ही सेवा मंगळूरजवळच्या सुरतकलपर्यंत गेली. चालक आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून जातात. कोलाड ते वेर्णा साधारण दहा-बारा तास लागतात. घाट नाही, डिझेल जळत नाही, टायर झिजत नाही.

आता त्या केबिनमध्ये आपण बसलो आहोत असं समजा. हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद आणि बाहेर डोंगर मागे पळतायत. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने हाच दाखला दिला होता. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच आपल्याला स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे कोण हलतंय याचं उत्तर कुठून बघतो यावर अवलंबून असतं. कामाचंही तसंच आहे. मालकाच्या जागेवरून बघितलं तर चालक झोपून चाललाय. चालकाच्या जागेवरून बघितलं तर तो माल सांभाळतोय आणि घरापासून लांब आहे. गाडीतून उतरून जायची त्याला मुभा नाही. मग हे काम की विश्रांती?

तुम्ही म्हणाल, हा तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचा खेळ झाला. नाही. यावर पगार ठरतो, झोप ठरते आणि कधीकधी जीवही ठरतो.

आपल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ नेही तिचाच आधार घेतला. कामाचे तास म्हणजे काय, हेही १९६१ च्या कायद्याने सांगितलं: कामगार मालकाच्या हाताशी असतो तो वेळ. शेवटच्या थांब्यावर नुसतं हजर राहणं, तेही पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर, कामातच धरलं. म्हणजे नुसतं थांबणं हेही काम असू शकतं, हे कायद्याने मान्य केलं होतं. पुढे हा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. पण आमच्या मते खरा प्रश्न पंधरा मिनिटांचा नाहीच. वॅगनवरच्या बारा तासांना काय म्हणायचं?

युरोपच्या २००६ च्या नियमाने याला उत्तर दिलंय. चालकाला रोज सलग ११ तास विश्रांती हवी. बोटीत किंवा रेल्वेत ट्रकसोबत असेल, तर ही विश्रांती जास्तीत जास्त दोनदा, मिळून एक तास तोडता येते, म्हणजे गाडी चढवण्या-उतरवण्यापुरती. पण अट अशी, की चालकाला झोपायला बिछाना किंवा शयनकक्ष मिळाला पाहिजे. बिछाना नसेल तर ती विश्रांती मोजायची नाही. नियम साधा आहे. थांबणं म्हणजे विश्रांती नव्हे. पाठ टेकायला जागा मिळाली तरच ती विश्रांती.

पण नियम असला म्हणजे सगळं आलं असं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत ग्रीसहून इटलीला निघालेल्या 'युरोफेरी ऑलिंपिया' या बोटीला कॉर्फू बेटाजवळ आग लागली आणि त्यात ट्रकचालकांचे जीव गेले. वाचलेले चालक सांगत होते, की वरच्या खोल्यांची अवस्था बरी नव्हती, म्हणून काहीजण खाली ट्रकमध्येच झोपले होते. बोट चालू असताना गाड्यांच्या मजल्यावर थांबायचं नसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण नीट झोपायची जागा नसली की माणूस आपल्या ओळखीच्या केबिनकडे वळतो. याला बेफिकिरी म्हणणं आम्हाला पटत नाही.

आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोलाड ते वेर्णा मोटारींसाठीही अशीच सेवा सुरू झाली. मोटार वॅगनवर, आणि माणसं जोडलेल्या प्रवासी डब्यात. चांगलंच झालं. मग ट्रकचालकासाठीही तसा एक डबा का नसावा? केबिनमध्ये संडास नसतो. वर विजेची तार असल्यामुळे ताडपत्री ठीक करायलाही टपावर चढायचं नाही. कोणी म्हणेल, चालकालाच केबिन सोडवत नाही, माल त्याच्या जबाबदारीवर असतो. बरोबर. पण मग ती राखण झाली, आणि राखणीचे पैसे द्यावे लागतात. राखण असेल तर मोबदला द्या, विश्रांती असेल तर बिछाना द्या. दोन्ही नाकारायचं, हे तर्कालाही धरून नाही आणि न्यायालाही.

गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म काय आणि अकर्म काय, याबद्दल शहाणेही गोंधळतात असं म्हटलंय. आम्ही ते वर्गात चाळीस वर्षं शिकवलं. पण वॅगनवरच्या त्या केबिनकडे बघितल्यावर ते अधिक कळलं.

सभेत मागच्या बाकावर दोन-तीन चालक बसलेत. त्यांना एकच विनंती. पुढच्या खेपेला हाल्टिंगचे पैसे ठरवताना मालकाला विचारा, "शेठ, गाडी थांबलेली असते तेव्हा मी कोणाचा असतो?" उत्तर काय मिळालं, ते आम्हाला येऊन सांगा.