बोलतो घडाघडा, वाचताना अडतो

लेखमाला : वर्ग सगळ्यांचा – भाग 5

रॅम्प, श्रवणयंत्र, ब्रेल पुस्तक या गरजा डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची नोंद तरी होते. या भागातली अडचण दिसत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत सापडेल असा पाचवीतला मुलगा घ्या. कपाशीवर कधी फवारायचं, विहिरीला पाणी किती हात आहे, हे तो घडाघडा सांगतो. धड्यातली ओळ वाचायला उभं केलं की मात्र मान खाली जाते. घरचे म्हणतात आळशी आहे, शाळा म्हणते लक्ष नाही.

बुद्धी साधारण किंवा त्याहूनही चांगली, नजर आणि कान ठीक, शाळेत नियमित हजेरी, तरीही वाचन, लेखन किंवा गणित अडतं, तेव्हा ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे का हे तपासावं लागतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, त्यांत हिला कायद्याची जागा मिळाली. महाराष्ट्राने अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला त्याच्या वीस वर्षं आधी, 1996 मध्येच सुरुवात केली होती.

मराठीत ही अडचण कशी दिसते? घ-ध, भ-म, थ-य या जोड्यांत मूल वारंवार घसरतं. काना-मात्रा गळतात. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते; हा उलटा क्रम अशा मुलाला फार छळतो. आकड्यांचंही तेच. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतात, लिहिताना वीस. त्यामुळे 27 चे 72 होतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 2019 मध्ये ‘वीस सात’ अशी जोड आली, तेव्हा राज्यभर थट्टा झाली, प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. मुलांची नेमकी हीच अडचण त्या बदलामागे होती.

वर्ध्याच्या गुरुजींना आणखी एक गाळणी लावावी लागते. वहीत ‘मले पाणी पायजे’ लिहिणाऱ्या मुलाला कसलीही अक्षमता नाही. तो घरी बोलतो तसं, ऐकलेल्या आवाजाला बरोबर अक्षर लावून लिहितो; प्रमाण मराठी त्याला शिकवली की येईल. काळजी वाटावी ती वेगळ्या वहीची. तिथे एकाच पानावर ‘पाणी’ कधी ‘पणी’, कधी ‘पाना’, तर कधी ‘णापी’ होतं. महिनोन्‌महिने सराव करूनही चूक ठरत नाही, नवनवी रूपं घेते. पहिली वही लाल करणं आणि दुसरीकडे दुर्लक्ष करणं, दोन्हींत मुलाचंच नुकसान आहे.

वाचन अडलं तरी शिकणं चालू राहू शकतं, हा विचार वर्ध्याला नवा नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी इथल्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण, ही नई तालीमची दिशा तिथे ठरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने पुढे अभ्यासक्रम आखला. सेवाग्राम आश्रम परिसरात 2005 पासून पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत आजही शेती, सूतकताई, स्वयंपाक हे शिकण्याचेच भाग आहेत. वाचनात मागे पडलेल्या मुलाला अशा कामात श्वास घ्यायला जागा मिळते. वाफ्याची लांबी-रुंदी टेपने मोजून क्षेत्रफळ तोंडी सांगणाऱ्याला गणित येत नाही, असं कोण म्हणेल?

पण नुसते वाफे मोजून घ-धचा घोळ सुटत नाही. त्यासाठी वेगळं, नेटाचं शिकवणं लागतं: एकेक आवाज सुटा करायचा, त्याचं अक्षर वाळूत किंवा हवेत बोटाने गिरवायचं, मग दोन अक्षरांचे शब्द, जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी. रोज थोडं, पण रोज. हे विशेष शिक्षकाचं कसब आणि नेमका त्यांचाच तुटवडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे आणि माध्यमिकला 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. राज्य सरकारने 2024 मध्ये विशेष शिक्षकांची 4,860 पदं मंजूर केली. हिशेब केंद्रामागे एका पदाचा आहे आणि एका केंद्रात अनेक शाळा येतात. म्हणजे विशेष शिक्षक येणार तो ठरल्या दिवशी. उरलेले दिवस वर्गशिक्षकाचेच.

तेव्हा पहिली चाहूल लागायला हवी ती वर्गशिक्षकाला. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ या पडताळणी सूचीचा पहिला भाग म्हणूनच वर्गशिक्षकाने भरायचा असतो, दुसरा विशेष शिक्षकाने. ही सूची म्हणजे निदान नव्हे. निदान रुग्णालयात होतं: नजर आणि श्रवण तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. केंद्र सरकारच्या 2018 च्या नियमावलीने प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून आणि फेरतपासणी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी ठरवली होती. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या मजूर आईबापांसाठी या प्रत्येक खेपेला रोज बुडतो. कागद अर्धवट राहतात ते बहुतेक इथेच.

प्रमाणपत्राचा उपयोग बोर्डाच्या परीक्षेत मोठा आहे. पात्र विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो आणि तासामागे 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त. वर्गात मात्र बरंच काही विनाकागद करता येतं. प्रश्न वाचून दाखवता येतो, उत्तर तोंडी घेता येतं, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद देता येतो, शुद्धलेखनाचे गुण इतिहासाच्या पेपरात न कापण्याचं ठरवता येतं. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं न करणं, ही तर फुकटची सवलत.

मूल सातवी-आठवीत असेल आणि शंका असेल, तर पालकांनी मुख्याध्यापकांमार्फत पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षण विभागाकडे नाव आत्ताच द्यावं. दहावीचे अर्ज भरायच्या वेळी धावपळ केली, तर तपासणीची तारीख मिळेपर्यंत परीक्षा उलटून जाते.

(पुढील भागात : शाळेपर्यंत पोहोचूच न शकणाऱ्या मुलांचं गृहाधारित शिक्षण)