इथेनॉलसाठी गोड ज्वारी लावायची? आधी गिऱ्हाईक पक्कं करा

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आल्यापासून ऊस आणि मक्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. पण ज्यांच्याकडं उसाएवढं पाणी नाही, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी एका पिकाचं नाव पुन्हा पुन्हा पुढं येतं, ते म्हणजे गोड ज्वारी. केंद्राच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणातही इथेनॉलच्या कच्च्या मालात तिचं नाव आहे.

हे पीक आहे तरी काय?

दिसायला ही आपली नेहमीचीच ज्वारी. फरक एवढाच, की हिच्या ताटात उसासारखा गोड रस असतो. वर कणसाला दाणे, ताटातून रस आणि उरलेल्या चिपाडाचा जनावरांना चारा. सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९८० च्या दशकातच या रसापासून इथेनॉल आणि काकवी बनवण्यावर काम केलं. त्यांचं 'मधुरा' वाण त्यातूनच पुढं आलं.

हिशोब कसा बसतो?

पीक साधारण चार महिन्यांत निघतं आणि पाणी उसापेक्षा कितीतरी कमी लागतं. खरिपात चांगलं साधलं तर एकरी १४ ते २० टन ताटं मिळू शकतात. मात्र एक टन ताटापासून इथेनॉल निघतं साधारण ४० लिटर. उसाच्या रसापासून टनाला ७० लिटरच्या आसपास निघतं. म्हणजे कारखाना टनाला उसाएवढा दर देईल, ही आशा धरू नका. फायदा मोजायचा तो कमी पाणी, कमी दिवस आणि हाती येणारे दाणे धरूनच.

घोडं अडतं कुठं?

ताटं तोडली की रसातली साखर झपाट्यानं उतरते. एक-दोन दिवसांत गाळप झालं नाही तर माल वाया जातो. त्यात खरिपाची गोड ज्वारी तोडणीला येते ती बहुतेक कारखान्यांचा हंगाम सुरू होण्याआधी. दुसरं म्हणजे, उसाला एफआरपी आहे आणि १४ दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. गोड ज्वारीच्या ताटांना यातलं काहीच नाही. हमीभाव आहे तो फक्त दाण्याला.

वीस वर्षांपूर्वी जट्रोफाचंही असंच झालं. पडीक रानात डिझेल पिकेल म्हणून रोपं लावली गेली. पाण्याविना बी कमी लागलं, खरेदीदारही फारसे मिळाले नाहीत आणि झाडं बांधावरच राहिली.

पेरणीआधी एवढं विचारा

- ताटं कोण घेणार? कारखाना किती किलोमीटरवर आहे?
- तोडणीच्या दिवसांत गाळप सुरू असेल का?
- टनाला दर किती, पैसे किती दिवसांत, तोडणी-वाहतूक कुणाकडं?
- हे सगळं लेखी मिळेल का?

लेखी करार नसेल तर सगळं रान गुंतवू नका. पाच-दहा गुंठ्यांत लावून बघा. गिऱ्हाईक नाही मिळालं तरी घरात दाणे आणि गोठ्यात चारा राहील. जट्रोफात ती सोय नव्हती.