घरच्या बागेचा लेखाजोखा : थोडे यश, पुष्कळ अपयश आणि एक कडू दुधी

आयुर्वेदीय चिकित्सकाचे घर म्हटले की परसदारी अडुळसा, तुळस, कोरफड आणि कुंपणावर चढलेली गुळवेल हे चित्र एका पिढीपूर्वीपर्यंत सहज डोळ्यांसमोर येत असे. पुढे वाडे गेले, परस गेले, सदनिका आल्या. परंतु माती हातात घेण्याची ओढ काही गेली नाही. पुण्यातील आमच्या घराच्या गच्चीवर गेली बारा वर्षे भाज्या, फुले आणि काही औषधी वनस्पती लावण्याचा उद्योग मी करीत आहे. त्यात यश मिळाले त्याहून अपयश काकणभर अधिकच पदरी पडले. मात्र द्रव्यांचे ज्ञान वाढविण्याच्या दृष्टीने पाहता अपयशानेच अधिक शिकविले, असे प्रांजळपणे नमूद करावेसे वाटते. त्यातील एक प्रसंग तर असा की, थोडी गफलत झाली असती तर एका रुग्णाच्या जिवावर बेतले असते. तो प्रसंग व्यवसायबंधूंसमोर ठेवावा, हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

भूमिपरीक्षा

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी कोणत्या भूमीतील घ्यावी याचा विचार केला आहे. बिळे, खडे, वारुळे असलेली, स्मशानाजवळची जमीन त्यांनी वर्ज्य ठरविली. गच्चीवर भूमी नसतेच. ती आपणच आणून घालतो. त्यामुळे तिच्या दोषांची जबाबदारीही आपलीच असते.

पहिल्या वर्षी नदीकाठची काळी माती कुंड्यांत भरली. पावसात तिचा चिखल झाला आणि उन्हात वीट झाली. पाणी वर साचून राही, मुळे मात्र तहानलेली. दुसऱ्या वर्षी अर्धवट कुजलेले शेणखत घातले. त्यातून हुमणीच्या अळ्या आल्या आणि वांग्याची रोपे एकामागून एक माना टाकू लागली. तेव्हापासून लाल माती, पूर्ण कुजलेले खत आणि नारळाचा भुसा किंवा पालापाचोळा असे सारखे भाग घेतो.

आणखी एक गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते, ती म्हणजे भार. एक चौरस मीटर जागेत अर्धा फूट जाडीचा ओल्या मातीचा थर घातला तर त्याचे वजन अडीचशे किलोच्या आसपास जाते. म्हणून जाणकार अभियंत्याला विचारल्याविना गच्चीवर वाफे बांधू नयेत. तसेच रसायनांची रिकामी पिंपे स्वस्त मिळतात म्हणून त्यांत भाजी लावू नये. आहार आणि औषध जेथे उगवायचे, तेथे पात्रशुद्धी ही औषधनिर्मितीइतकीच महत्त्वाची आहे.

भाज्यांनी शिकविलेले निदान

मेथी, पालक, कोथिंबीर, माठ या भाज्या नवशिक्यालाही निराश करीत नाहीत. खरी परीक्षा फळभाज्यांची. आमच्या टोमॅटोची फळे एका वर्षी खालच्या बाजूने काळी पडू लागली. बुरशी समजून मी पंधरा दिवस निंबोळी अर्क आणि ताक यांची फवारणी केली. उपयोग शून्य. वास्तविक हा बुरशीचा रोग नव्हेच. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असे झाले म्हणजे फळाच्या टोकापर्यंत चुना, म्हणजे कॅल्शियम, पोहोचत नाही आणि तो भाग काळा पडतो. पाण्याची वेळ आणि मात्रा नियमित करताच पुढील फळे निरोगी आली. लक्षण फळावर, हेतू मुळाशी, आणि चिकित्सा चालली होती पानांची! रुग्णालयात शिकवितो तीच चूक गच्चीवर मी केली होती.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, त्यास शेतकरी केवडा म्हणतात. हा विषाणू पांढरी माशी पसरविते. एकदा रोप ग्रासले की औषध नाही. ते उपटून दूर करणे आणि माशीला आळा घालणे एवढेच हाती असते. असाध्य व्याधी ओळखून हात आखडता घेणे हाही चिकित्सेचाच भाग आहे, याची आठवण दर पावसाळ्यात भेंडी करून देते.

वेलवर्गीय भाज्यांची गोष्ट निराळी. दुधीला आधी नरफुलेच येतात आणि ‘वेल वांझ निघाली’ म्हणून लोक ती उपटून टाकतात. थोडा धीर धरला तर ज्यांच्या देठाशी इवलासा दुधी दिसतो अशी मादीफुले येऊ लागतात. दुधीची पांढरी फुले सायंकाळी उमलतात. तिसऱ्या मजल्यावर त्या वेळी पतंग क्वचितच येतात; म्हणून तिन्हीसांजेला नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलावर लावण्याचे काम स्वतः करावे लागते. पुढे फळमाशीच्या डंखापासून कोवळे फळ वाचवावयाचे, तर त्यास कापडी पिशवी घालावी. एवढे केले म्हणजे दुधी हाती लागतो. आणि येथेच तो प्रसंग घडला.

कडू दुधी

त्या वर्षीचे बी मी विकत घेतले नव्हते. आदल्या हंगामातील एका फळाचे घरीच धरले होते. एप्रिलमध्ये एका परिषदेनिमित्त आठ दिवस बाहेरगावी गेलो. ऊन कडक होते आणि मागे पाणी घालण्यात खंड पडला. परत आलो तो वेल मलूल. पण दोन फळे टवटवीत, तुकतुकीत. माझे एक वयोवृद्ध रुग्ण रोज सकाळी दुधीचा रस घेत. बाजारातील भाजीवर फवारे मारलेले असतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना एक फळ मोठ्या अभिमानाने देऊ केले. ते दुसऱ्या दिवशी न्यावयास येणार होते.

त्या रात्री दुसरे फळ घरी चिरले गेले. दुधी, काकडी, दोडका चिरताना देठाजवळची चकती जिभेला लावून पाहण्याची आमच्या आईची शिस्त. ती तिने पाळली आणि लगेच थुंकून टाकले. फळ विषासारखे कडू होते. रुग्णासाठी ठेवलेले फळ चाखले, तर तेही तसेच.

हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो. वेलीच्या वंशात तो मुळातच असतो. घरी धरलेल्या बियांत कडू जातीचा संकर झालेला असेल तर पुढच्या पिढीत तो उघड होतो. तीव्र उष्णता आणि पाण्याचा ताण यांनी त्याचे प्रमाण वाढते. शिजविल्याने तो खात्रीने जात नाही. आमच्या वेलीला हे दोन्ही हेतू लाभले होते.

२०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. उलट्या, जुलाब, पोटात तीव्र वेदना, रक्ताची उलटी आणि रक्तदाब एकाएकी उतरणे अशी लक्षणे अशा रुग्णांत दिसून आली. यावर प्रतिविष उपलब्ध नाही. रस काढण्यापूर्वी लहानसा तुकडा चाखावा, कडू लागल्यास फळ टाकून द्यावे, त्यात दुसरा रस मिसळू नये आणि त्रास जाणवताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे, असा त्या समितीचा सल्ला आहे.

आपल्याला यात नवल वाटू नये. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील तिसरा अध्याय इक्ष्वाकुकल्पाचा, म्हणजे कडू दुधीचा आहे. त्याच स्थानात धामार्गव आणि कृतवेधन या कडू घोसाळ्या-दोडक्यांच्या जातीही वमनद्रव्ये म्हणून येतात. म्हणजे आपल्या ताटातील गोड भाज्यांची सख्खी भावंडे आचार्यांनी संशोधनासाठी, पूर्वकर्म करून, मात्रा ठरवून, वैद्याच्या देखरेखीखाली वापरावयास सांगितली. तेच द्रव्य सकाळी अनशेपोटी पेलाभर प्याल्यास काय होईल, हे वैद्यास सांगावयास नको.

त्या रात्री दोन समजुती माझ्या मनातून कायमच्या गेल्या. घरचे म्हणजे निर्दोष, ही पहिली. आणि कडू म्हणजे गुणकारी, ही दुसरी. दुसरी समजूत अधिक घातक, कारण ती रुग्णांच्या मनात आपणच रुजविलेली असते. कारले कडू, गुळवेल कडू, काडेचिराईत कडू. मग दुधी कडू लागला तरी रुग्ण नाक दाबून तो पिऊन टाकतो.

फुलांची बाजू

फुलझाडे मनाला प्रसन्न करतात, पण त्यांचेही रुसवे असतात. मोगऱ्याला सावलीत ठेवून फुलांची वाट पाहण्यात आम्ही दोन वर्षे घालविली. त्याला भरपूर ऊन आणि थंडीच्या अखेरीस छाटणी हवी. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसला की कळ्या गळतात. साबणाच्या पाण्याने पाने, फांद्या धुणे आणि फार ग्रासलेली फांदी कापून टाकणे हाच टिकाऊ उपाय ठरला.

गावठी गुलाबाच्या चार कुंड्यांवर गुलकंदाचे स्वप्न पाहिले होते. संपूर्ण हंगामात पाकळ्या आणि खडीसाखर मिळून एक लहान बरणी भरली. हिशेब केला तर तो गुलकंद सोन्याच्या भावाचा! पण त्यातून एक विवेक आला. हार-गुच्छांसाठी पिकविलेल्या गुलाबांवर कीटकनाशकांचे फवारे पडतात; ती फुले पोटात घेण्यासाठी नसतात. औषधालयचालकांनी गुलाबपाकळी घेताना ती कोणत्या हेतूने पिकविली, हे अवश्य विचारावे.

शोभेसाठी लावलेली झाडेही फसवितात. बागांच्या कडेला पसरणारे पिवळ्या फुलांचे एक परदेशी झुडूप, वेडेलिया ट्रायलोबाटा, अनेकजण पिवळा माका म्हणून दाखवितात. ग्रंथोक्त पीत भृंगराज म्हणून घेतला जातो तो वेडेलिया चायनेन्सिस वेगळा, आणि नित्य वापरातील पांढऱ्या फुलांचा माका तर त्याहून वेगळा. घरात लहान मुले असल्यास कण्हेर, विशेषतः पिवळा कण्हेर, त्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नये. त्याची बीजे हृदयास घातक आहेत.

न बोलाविलेले पाहुणे

आमंत्रण दिलेली झाडे रुसतात आणि न बोलाविलेली नांदतात, हा बागेचा न्याय आहे. अश्वगंधा जास्त पाण्याने कुजली. शतावरीने दोन वर्षांत कुंडी भरून टाकली, पण कोंडलेल्या मुळ्या बारीकच राहिल्या. याउलट पहिल्या पावसासरशी कुंड्यांच्या कडेने पुनर्नवा, भुईआवळी, माका, घोळ आणि तांदुळजा आपण होऊन उगवले. तण म्हणून उपटण्यापूर्वी त्यांना फुलोरा येईपर्यंत राहू दिले, तर विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला वनस्पतिवर्ग नाही.

शार्ङ्गधरांनी गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा आणि प्रसारणी ही द्रव्ये सदैव ओली वापरावीत आणि त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असे सांगितले आहे. यांपैकी अडुळसा आणि गुळवेल तरी प्रत्येक चिकित्सालयाच्या दारात सहज वाढतात. गुळवेलीचे तोडलेले कांडे गच्चीच्या जाळीवर टांगलेले राहिले होते. त्याला वरच्या वर कोंब फुटले. छिन्नरुहा हा पर्याय त्या दिवशी खऱ्या अर्थाने पाठ झाला.

हीच गुळवेल करोनाच्या साथीत घरोघरी उकळली गेली. २०२१ साली मुंबईतील काही रुग्णांत तिच्या सेवनानंतर यकृतविकार झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगून टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वेलीशी गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. पुढे २०२२ मधील बहुकेंद्री अभ्यासात खऱ्या गुळवेलीबाबतही प्रश्न उपस्थित झाले. तेव्हा अचूक ओळख ही पहिली पायरी. रुग्णाची निवड, मात्रा, काल आणि यकृताची पूर्वस्थिती हे त्यापुढील विषय आहेत. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी-पुटकुळ्या असतात. आपल्या गुळवेलीची साल पातळ, कागदासारखी सुटणारी असून आडवा छेद चक्राकार दिसतो. हा फरक एकदा स्वतःच्या वेलीवर पाहिला की विसरत नाही.

उपसंहार

औषधींची नावे आणि रूपे गुराखी व वनवासी जाणतात, पण त्यांचा योग जाणणारा तो खरा जाणकार, असा चरकाचार्यांचा अभिप्राय आहे. आज आपल्यापैकी अनेकांची स्थिती उलट झाली आहे. योग पाठ आहेत, परंतु रूप पोत्यातल्या चुऱ्यावरून ओळखावे लागते. घरची बाग ही उणीव थोडीफार भरून काढते.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. औषधालयचालकांनी नेहमी खरेदी होणाऱ्या ओल्या द्रव्यांची, जाणकाराकडून निश्चित करून घेतलेली एकेक कुंडी दारात ठेवावी. आलेला माल तिच्याशी ताडून मगच घ्यावा. चिकित्सकांनी दुधीचा रस घेण्यास सांगताना ‘आधी चाखा, कडू लागल्यास टाकून द्या’ हे वाक्य चिठ्ठीवर लिहावे. तोंडी सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते.

ते वृद्ध रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन आले. त्यांना दुधीऐवजी सारी हकीकत दिली. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “वैद्यराज, मी तर तो कडू असता तरी औषध म्हणून प्यालोच असतो.” त्या वर्षीचे उरलेले बी त्याच दिवशी नष्ट केले. आता दरसाल खात्रीचे नवीन बी आणतो, वेलीला पाण्याचा ताण पडू देत नाही, आणि पहिली चकती स्वतःच्या जिभेला लावल्याविना फळ कोणाच्या हाती देत नाही.