जतनासाठी फवारलेलं विष

संग्रहालयातली वस्तू काचेच्या पेटीत गेली की ती सुरक्षित झाली, असं आपण धरून चालतो. पण पेटीतही ती बदलतच असते. ब्राँझ गंजतं, कापडाचा रंग उडतो, लोकर आणि पिसं किडे खातात. मग लाखो वस्तू सांभाळणारी संस्था नेमकं करते काय? आज बर्लिनचं उदाहरण घेऊ. संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं असं आहे.

संस्था कोणती?

'प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठान' ही जर्मनीतली सार्वजनिक संस्था १९५७ मध्ये कायद्याने स्थापन झाली. बर्लिनची सरकारी संग्रहालयं, स्टेट लायब्ररी आणि जुन्या प्रशियाचं अभिलेखागार तिच्या छत्राखाली येतात. नेफरटिटीचा प्रसिद्ध अर्धपुतळा इथलाच. एकट्या मानववंशशास्त्र संग्रहालयात सुमारे ५ लाख वस्तू आहेत.

या संस्थेची स्वतःची प्रयोगशाळा आहे, राटगेन संशोधन प्रयोगशाळा. फ्रीडरिश राटगेन हे रसायनशास्त्रज्ञ १८८८ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयांत रुजू झाले आणि संग्रहालयाची जगातली पहिली प्रयोगशाळा तिथे उभी राहिली. गंजलेलं ब्राँझ, क्षारांमुळे पापुद्रे सुटणारा दगड, हे त्यांचे प्रश्न. या विषयावरचं त्यांचं पुस्तक १८९८ मध्ये आलं.

किडीवरचा जुना उपाय

लाकूड, चामडं, पिसं, लोकर यांचा मोठा शत्रू म्हणजे कीड. आपल्याकडे ट्रंकेत डांबरगोळ्या टाकतात, तसंच संग्रहालयांनी केलं, फक्त औषधं जास्त जहाल होती. आधी आर्सेनिक आणि मर्क्युरिक क्लोराइड, विसाव्या शतकात डीडीटी आणि लिंडेन. त्या काळच्या माहितीनुसार हे योग्यच होतं. डीडीटीच्या कीटकनाशक गुणाच्या शोधासाठी पॉल म्युलर यांना १९४८ चं नोबेलही मिळालं!

अडचण अशी की ही औषधं वस्तूतून जात नाहीत. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, त्याचं विघटन होणार कसं? डीडीटी फार सावकाश विघटित होतं आणि कधीकधी लाकडावर पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात वर येतं. बर्लिनच्या संग्रहातल्या अनेक वस्तूंवर असे अवशेष सापडले आहेत. त्यामुळे अशी वस्तू हाताळताना हातमोजे आणि मास्क लागतात, आणि ते वस्तूपेक्षाही माणसाच्या रक्षणासाठी.

प्रश्न संग्रहालयाच्या भिंतीआड थांबत नाही. अमेरिकेत होपी समाजाला त्यांच्या पवित्र वस्तू परत मिळाल्या, तेव्हा काहींवर आर्सेनिक आढळलं. या वस्तू शोकेससाठी नसतात. त्या अंगावर चढवायच्या, विधीत वापरायच्या असतात. म्हणजे वस्तू परत मिळूनही हात लावायची भीती.

ओळखायचं आणि काढायचं कसं?

आर्सेनिक आणि पारा यांच्यासाठी हातात धरता येणारं एक्सआरएफ यंत्र पुरतं. वस्तूचा तुकडा काढावा लागत नाही. पण हे यंत्र मूलद्रव्यं दाखवतं, रेणू नाही. क्लोरीन दिसलं तर ते डीडीटीचं की साध्या मिठाचं, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी नमुना घेऊन जीसी-एमएस करावं लागतं.

काढण्यासाठी बर्लिनमध्ये द्रवरूप आणि सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडचे प्रयोग झाले. कॉफीतून कॅफीन काढायलाही हाच वायू वापरतात. तो अध्रुवीय असल्याने डीडीटीसारखे रेणू त्यात विरघळतात. आर्सेनिकची संयुगं मात्र सहसा जागची हलत नाहीत. एकाच वस्तूवर दोन्ही असतील तर एकाच पद्धतीने काम भागत नाही.

आज भर कीड येऊच न देण्यावर आहे. चिकट सापळे लावून कोणता किडा कुठे फिरतोय याची नोंद ठेवतात. लागण झालीच तर वस्तू काही आठवडे नायट्रोजनमध्ये ठेवतात. ऑक्सिजनअभावी अळ्या-अंडी मरतात आणि मागे काही उरत नाही. कापड असेल तर खोल गोठवणंही चालतं.

आपल्यासाठी काय?

जुन्या फवारण्यांच्या नोंदी अनेकदा अपुऱ्या असतात किंवा मुळीच नसतात. म्हणून आज प्रत्येक वस्तू नव्याने तपासावी लागते. तुमचा नमुना माती असो, ऊती असो वा हस्तलिखिताचं पान, पहिलं मोजमाप घेण्याआधी विचारा: याच्यावर आधी काय काय झालंय? आणि तुम्ही स्वतः जे कराल (कोणतं द्रावक, किती वेळ, कोणत्या तारखेला) ते वहीत लिहा. पन्नास वर्षांनी तोच नमुना हातात घेणाऱ्याला विचारायला तुम्ही तिथे नसाल.