समुद्रांत बांधलेलें देऊळ : त्रिनिदादमधील एका परगण्याची हकीकत

वेस्ट इंडीज म्हटलें कीं घरांतील मुलांच्या डोळ्यांपुढें चेंडूफळी उभी राहते, आणि वडील माणसांना १९७१ सालचा मार्च महिना आठवतो. त्या महिन्यांत त्रिनिदाद बेटावरील पोर्ट ऑफ स्पेन शहरीं अजित वाडेकर यांच्या नायकत्वाखालीं आपल्या संघानें वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय मिळविला, आणि एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरांनीं त्याच सामन्यांत पदार्पण केलें. पुढें तेथील एका शाहिरानें गावसकरांवर गाणेंहि रचलें. परंतु त्या मैदानापासून दक्षिणेस मोटारीनें तासाभराच्या वाटेवर एक असा मुलूख आहे, कीं जेथें नातवंडें बापाच्या बापास 'आजा' व त्याच्या पत्नीस 'आजी' म्हणत आलीं आहेत, हें आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या मुलखाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

नकाशांत त्रिनिदाद शोधणें सोपें आहे. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्याशीं, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अवघ्या अकरा-बारा किलोमीटरांवर हें बेट आहे. विस्तारानें तें आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून किंचित् लहान. अक्षांश पाहिले तर जवळजवळ कोचीनचेच. जूनपासून डिसेंबरपर्यंत पावसाळा, पुढें मेअखेर उघाडी. ३१ जुलै १४९८ रोजीं कोलंबसाच्या दृष्टीस तें पडलें. तीनशें वर्षें तेथें स्पेनची सत्ता होती. १७९७ सालीं तें इंग्रजांनीं घेतलें, आणि १९६२ च्या ऑगस्टअखेर तें टोबॅगोसह स्वतंत्र झालें. १९९० च्या कायद्यानें स्थानिक कारभारासाठीं जे विभाग पाडले गेले, त्यांतील एकाचें नांव कूवा-टबाकीट-तालपारो. आपल्याकडील जुन्या लोकल बोर्डाची आठवण व्हावी अशी ही संस्था आहे. तीन गांवांचीं नांवें शेजारीं शेजारीं बसवून केलेला हा द्वंद्व समासच म्हणावयाचा. 'कूवा' हें पद प्रथम आलें, आणि तिहींत तेंच गांव सर्वांत मोठें. विभागाचें क्षेत्र सुमारें ७२० चौरस किलोमीटर, म्हणजे बेटाचा जवळजवळ सातवा हिस्सा; २०११ च्या शिरगणतींत वस्ती पावणेदोन लाखांच्या थोडी वर भरली.

या परगण्याचे दोन चेहरे आहेत. पूर्वेकडे मध्य पर्वतरांगेच्या टेकड्या. त्यांस पर्वत म्हणावयाचें तें मास्तरी सौजन्य, कारण साऱ्या रांगेंतील उंचांत उंच शिखर हजार फुटांच्या जेमतेम वर जातें. या टेकड्यांत कोकोच्या बागा आहेत. १७२७ सालीं बेटावरील जुन्या जातीच्या कोकोचा जवळजवळ नाश झाला. पुढें मुख्य भूमीवरून दुसऱ्या जातीचीं रोपें आणिलीं गेलीं, आणि वांचलेल्या झाडांशीं त्यांचा संकर होऊन 'त्रिनितारियो' ही तिसरीच जात निपजली. ती आज जगभर लावितात. ग्रान कूवा या गांवच्या कोकोचें नांव तर फ्रान्समधील चॉकलेटाच्या वेष्टनावर गेलें. बागांत राबण्यास व्हेनेझुएलाहून आलेल्या स्पॅनिश भाषी शेतकऱ्यांचे वंशज या डोंगराळ भागांत आहेत. तोर्तुगा येथील लांकडी चर्चमध्यें त्यांची सांवळ्या वर्णाची मेरीमाता आहे. टबाकीटजवळ १८९८ सालीं आगगाडीसाठीं खोदलेला दोनशें मीटरांचा बोगदाहि लोक पाहावयास जातात. बोरघाट चढून गेलेल्या आपल्या वाचकांस त्याचें नवल वाटणार नाहीं. शिवाय बेटावरील आगगाडीच १९६८ सालीं बंद झाली.

दुसरा चेहरा पश्चिमेकडील सपाट भूमीचा. ही भूमि पारियाच्या आखातास जाऊन मिळते. येथील समुद्र कोंकणच्या समुद्रासारखा खडकांवर आपटणारा नव्हे. तो उथळ, गढूळ आणि शांत आहे. ओहोटी लागली कीं चिखल दूरवर उघडा पडतो व त्यावर पक्ष्यांचे थवे उतरतात. या चिखलाची आठवण वाचकांनीं मनांत ठेवावी. किनाऱ्यापासून टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पूर्वीं जिकडे तिकडे ऊस होता, आणि या परगण्याचा इतिहास म्हणजे बव्हंशीं त्या उसाचा इतिहास होय.

आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम १८३८ सालीं पूर्णपणें मुक्त झाले. ज्या मळ्यांत चाबूक खाल्ला त्याच मळ्यांत तुटपुंज्या मजुरीवर पुन्हां राबण्यास त्यांतील पुष्कळांनीं नकार दिला, आणि हें योग्यच झालें. मळेवाल्यांनीं मग हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. 'फतेल रझाक' हें जहाज कलकत्त्याहून निघालें, तें १०३ दिवसांनीं, ३० मे १८४५ रोजीं, सुमारें सव्वादोनशें माणसें घेऊन त्रिनिदादला लागलें. तेव्हांपासून १९१७ पर्यंत सुमारें एक लक्ष चव्वेचाळीस हजार हिंदी स्त्रीपुरुष तेथें उतरले. बहुतेक बिहार व अवध प्रांतांतील, कांहीं मद्रासकडील. पांच वर्षांचा करार असे. फिजीकडे ज्याला 'गिरमिट' म्हणत तोच हा. परवान्यावांचून मळा सोडला तर तुरुंग.

निघणाऱ्यांच्या मनावर पोटाच्या काळजीइतकाच आणखी एक भार होता. बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रगमनाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केलेली आहे. गंमत अशी कीं तोच सूत्रकार अन्यत्र उत्तरेकडील लोकांच्या विशेष आचारांत समुद्रप्रवासहि सांगतो, आणि हे तर उत्तरेकडीलच लोक! परंतु गंगाकांठच्या शेतकऱ्यास सूत्रांतील हा बारकावा कोण सांगणार? काळें पाणी ओलांडलें कीं धर्म गेला, एवढेंच त्याला ठाऊक. जहाजावर तीन-साडेतीन महिने एका पंक्तीस जेवून जातिभेद बराच गळून पडला, आणि त्याच्या जागीं 'जहाजी भाई' हें नवें नातें उपजलें. एका जहाजांतून आलेल्यांचीं मुलें एकमेकांस भावंडांप्रमाणें मानीत. शास्त्रांत न सांगितलेलें हें सगोत्रत्व मला तरी विचार करण्याजोगें वाटतें.

येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले यांचें चरित्र आपल्याकडे पुष्कळ घरांत वाचलें जातें. पण त्यांतील हें पान बहुधा भरभर उलटलें जातें. मार्च १९१२ मध्यें गोखल्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत करारबद्ध मजुरीची पद्धत समूळ बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी मताधिक्याच्या जोरावर तो फेटाळला गेला. गोखले १९१५ सालीं वारले; मजूरभरती थांबली ती १९१७ मध्यें. कूवाच्या उसांत वांकून उभ्या असलेल्या माणसाला पुण्याचा हा गृहस्थ आपल्यासाठीं भांडतो आहे याची वार्ताहि नसेल.

करार संपल्यावर कांहीं परत गेले, बहुतेक राहिले. १८६९ पासून कांहीं काळ परतीच्या भाड्याऐवजीं सरकारी जमीन देण्याचीहि सोय होती. घरें उठलीं, अंगणांत पूजा झाल्यावर बांबूला रंगीत 'झंडी' लावण्याची चाल रुळली. आजहि कोणतें घर हिंदूचें हें अंगणांतील निशाणांवरून दुरून ओळखूं येतें. डाऊ व्हिलेज येथें शंभराहून अधिक वर्षें रामलीला होत आली आहे. डाळ भरून केलेल्या पोळीस तेथें 'दालपुरी' म्हणतात. ती आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची बहीणच. भोजपुरी आतां म्हाताऱ्यांच्या तोंडीं व गाण्यांत उरली, व्यवहार सारा इंग्रजीचा. तरी चुल्हा, तवा, भाजी, नाना, नानी, आजा, आजी हे शब्द मेले नाहींत. भाषा मरतांना स्वयंपाकघर आणि नातीं शेवटपर्यंत धरून ठेवते असें दिसतें.

कायद्यानें मात्र या संसारांस पुष्कळ काळ मानलें नाहीं. सप्तपदी होऊन लागलेलें लग्न सरकारदप्तरीं नोंदलें नसेल तर तें लग्नच नव्हे, आणि म्हणून मुलें अनौरस! हिंदु विवाहाचा कायदा १९४५ सालीं झाला. दहनास कायद्याची अनुमति मिळाली ती १९५३ मध्यें. तोंवर प्रेतें पुरावीं लागत. ज्याच्या आज्यानें मुखाग्नीची आशा धरून डोळे मिटले आणि ज्याला तो देतां आला नाहीं, त्या नातवाच्या मनाची कल्पना आपल्या घरांतून सहज करतां येईल. शिक्षणाचेंहि तसेंच. १८६८ पासून कॅनडाच्या मिशनऱ्यांनीं हिंदी मुलांसाठीं शाळा काढल्या, हें त्यांचें मोठेंच उपकार. पण त्याबरोबर धर्मांतरहि आलें. १९५२ नंतर सनातन धर्म महासभेनें स्वतःच्या शाळा झपाट्यानें उभारल्या. इमारती इतक्या साध्या कीं हिणविणारे त्यांस गोठे म्हणत. मी चाळीस वर्षें पत्र्याखालीं शिकविलें आहे. गोठ्यांतूनहि मुलें चांगलीं निपजतात.

आतां त्या चिखलाकडे वळूं. कॅरापिचायमाजवळ वॉटर्लू नांवाचें खेडें आहे. तेथें शिवदास साधू नांवाचा मजूर राहत असे. तो १९०३ सालीं हिंदुस्थानांत जन्मला आणि लहानपणींच आईबापांबरोबर बेटावर आला. विद्या बेताची, मिळकत उसांतल्या मजुरीची. त्यानें पैसे साठवून हिंदुस्थानची यात्राहि केली. १९४७ सालीं त्यानें किनाऱ्यावर एक लहानसें देऊळ बांधावयास घेतलें. जागा पडीक होती, कोणाच्या उपयोगाची नव्हती. पण ती साखर कंपनीच्या मालकीची होती. देऊळ उभें राहिलें, पूजा होऊं लागली. १९५२ सालीं तें पाडण्याचा हुकूम झाला. साधूनें स्वहस्तें पाडण्याचें नाकारलें. त्याला चौदा दिवसांचा तुरुंगवास व दंड झाला, आणि यंत्र लावून देऊळ भुईसपाट करण्यांत आलें.

सुटून आल्यावर त्यानें ठरविलें कीं जमीन कंपनीची असेल, समुद्र तर कंपनीचा नाहीं. देऊळ समुद्रांत बांधावें. किनाऱ्यापासून सुमारें पांचशें फूट आंत जागा निवडली. ओहोटीची वेळ साधून तो चिखलांत उतरे. सायकलीवरून दोन बादल्या व एका चामडी पिशवींतून दगड-वाळू न्यावयाची. तेलाचीं रिकामीं पिंपें चिखलांत उभीं करावयाचीं, त्यांत खडी-सिमेंट ओतावयाचें, भरती येण्यापूर्वीं परत फिरावयाचें. दिवसा मजुरी, उरल्या वेळांत हें. कित्येकांनीं त्याला वेडा म्हटलें. एकदोन वर्षें नव्हे, तो जिवंत होता तोंवर, म्हणजे दीड तपाच्या आसपास, हें चाललें होतें. ज्या समुद्राच्या उल्लंघनानें आपल्या लोकांचा धर्म बुडाला असें सांगत, त्याच समुद्रांत या माणसानें देव बसविला!

त्याच्या मागें लाटांनीं बांधकाम खाल्लें. परंतु हिंदी लोकांच्या आगमनास दीडशें वर्षें होत असतां, १९९४-९५ मध्यें, सरकारच्या साहाय्यानें तें नव्यानें बांधलें गेलें. आतां किनाऱ्यापासून देवळापर्यंत पक्की वाट आहे, आणि जवळच साधूचा पुतळा उभा आहे. तेथून थोड्या मैलांवर दत्तात्रेयाचें मंदिर आहे, हें वाचून गाणगापूर-वाडीच्या वाऱ्या करणाऱ्या आमच्या भगिनींस विशेष वाटेल. म्हैसूरच्या गणपति सच्चिदानंद स्वामींच्या प्रेरणेनें तें झालें, आणि त्याच्या आवारांत २००३ सालीं हनुमंताची पंचाऐंशी फूट उंच मूर्ति उभी राहिली.

त्याच २००३ सालीं परगण्यांतला उसाचा मोठा उद्योग संपला. साखर कंपनी १९७५ मध्येंच सरकारच्या मालकीची झाली होती. तोटा सोसेना, म्हणून ती मोडली. कूवाचा ब्रेकिन कॅसल कारखाना थंडावला. सुमारें नऊ हजार कामगार एका वर्षांत मोकळे झाले. जवळच पॉइंट लिसास येथें नैसर्गिक वायूपासून अमोनिया व मेथॅनॉल करण्याचे प्रचंड कारखाने आहेत, पण कोयता धरणाऱ्या पन्नाशीच्या माणसास तेथें कोण घेणार? आणि तो उद्योग तरी कायमचा कोठें? तेथील पोलादाचा कारखाना २०१६ सालीं बंद पडला.

उसाच्या कामगारांस दोन गोष्टी कबूल केल्या होत्या : शेतीसाठीं दोन एकर आणि घरासाठीं एक तुकडा. दीडशें वर्षें जी जमीन पणज्या-आज्यांनीं कसली, जिच्यावर देऊळ बांधलें म्हणून एकाला तुरुंगांत जावें लागलें, त्याच जमिनीचे हे तुकडे. वाटप वर्षानुवर्षें रेंगाळलें. कांहींच्या हातीं कागद आला तों शेतीचें वय निघून गेलें होतें, कांहींचे कागद वारसांच्या हातीं पडले.

वॉटर्लूच्या देवळासमोर, किनाऱ्यावरच, स्मशानभूमि आहे. तेथें चिता पेटतात, आणि भरतीच्या वेळीं रक्षा पारियाच्या आखातांत सोडतात.